गाडी घेऊन गोव्यात येताय? मग फेरीबोटीने फिरा

पणजीजवळच्या रायबंदरच्या धक्क्यावर पहिल्यांदा गाडी बोटीत चढवत होतो तेव्हा समोरून खलाशी ओरडला, "राव, राव!" मी साताऱ्याचा. आमच्याकडे राव ही आदराने, नाहीतर लाडाने मारलेली हाक. मी काच खाली केली, हसलो आणि गाडी आणखी पुढे घेतली. पुढच्या स्कूटरवाल्याने बाजूला उडी मारली, खलाशाने बॉनेटवर थाप दिली आणि तेव्हा कळलं की कोंकणीत 'राव' म्हणजे 'थांब'.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. आता म्हापशात राहतो आणि दर सुट्टीत घाटावरून पाहुणे येतात, बहुतेक स्वतःच्या गाडीने. सगळ्यांचा बेत एकच: कळंगुट, बागा, एक दिवस पणजी, जमलं तर दूधसागर. निम्मी सुट्टी कळंगुटच्या ट्रॅफिकमध्ये जाते आणि परत जाताना म्हणतात, "गोव्यात पूर्वीची मजा राहिली नाही." प्रत्येकाला तोंडी समजावून कंटाळलो, म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

१. नकाशा रस्त्यांनी नाही, नद्यांनी वाचा

गोवा म्हणजे ३,७०२ चौरस किलोमीटर. आमच्या सातारा जिल्ह्याच्या जेमतेम एक तृतीयांश. उत्तर-दक्षिण लांबी शंभर किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे नवखा माणूस म्हणतो, दोन दिवसांत होईल. होत नाही. कारण या एवढ्याशा जमिनीला तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, तळपण अशा नद्या आडव्या कापत समुद्राला मिळतात, आणि मांडवीच्या पोटात चोडण, दिवाडी यांसारखी बेटं आहेत.

रायबंदरच्या काठावरून चोडणमधल्या माडांचे झाप मोजता येतात. तरी रस्त्याने जायचं तर मांडवी ओलांडून डिचोली, मये असा प्रचंड वळसा. फेरीबोटीने काही मिनिटं. दिवाडीला तर पूलच नाही, बोटीशिवाय पर्याय नाही. म्हणून आधी ठरवा की आज कुठली नदी ओलांडायची. हॉटेल, जेवण, देऊळ, किनारा हे सगळं त्यानंतर आपोआप बसतं.

२. कागद आणि सामान

बाहेरच्या नंबरची गाडी गोव्यात अडवली जाते, हे गृहीत धरून चाला. वैतागू नका, कागद दाखवा आणि पुढे व्हा. गाडीत हे हवंच:

- वाहन परवाना, गाडीचं आरसी, चालू विमा, मुदतीतलं पीयूसी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत कायद्याने चालते, पण ती निघण्याआधी उघडून ठेवा. घाटात रेंज नसते आणि नाक्यावर मोबाइल हमखास गोल गोल फिरवत बसतो.
- गाडी मित्राच्या नावावर असेल तर त्याचं साध्या कागदावरचं पत्र आणि फोन नंबर. मागतीलच असं नाही, पण मागितलं तर बोलणं लवकर संपतं.
- दहा-वीसच्या सुट्या नोटा. साध्या फेरीबोटीत पायी माणसाला तिकीट नाही, चारचाकीला किरकोळ पैसे पडतात. पाचशेची नोट पुढे केलीत की मागची सगळी रांग तुमच्याकडे बघते.
- चाकाखाली लावायला लाकडाचा ठोकळा. हँडब्रेक जुना असेल तर फारच उपयोगी.
- तिथी दाखवणारं कॅलेंडर. का, ते पुढे सांगतो.

इथे येऊन गाडी भाड्याने घेणार असाल तर एकच गोष्ट बघा: पाटी काळी आणि अक्षरं पिवळी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी "आपलीच आहे, स्वस्तात घ्या" म्हणून देत असेल तर घेऊ नका. पकडली गेली की गाडीवाला फोन उचलत नाही आणि तुमची सुट्टी पोलीस चौकीत जाते. माझ्या मावसभावाची गेली.

३. आत कुठून शिरायचं

पुण्या-कोल्हापूरकडून येणाऱ्याला मुख्य वाटा तीन. आंबोली घाट उतरून सावंतवाडी, बांदा आणि पत्रादेवी. बेळगावहून चोर्ला घाटाने सांखळी. किंवा लोंढा, अनमोड घाट, मोले करून फोंडा. या लेखातल्या फिरण्यासाठी माझं मत पहिल्या वाटेला, कारण नद्या उत्तरेकडून एकेक करून ओलांडता येतात. चोर्ला अंतराने बरा, पण अरुंद आहे. पावसात धुकं उतरलं की पुढच्या गाडीचे लाल दिवेसुद्धा दिसत नाहीत. नवख्याने तो रात्री घेऊ नये.

पत्रादेवीला हुतात्मा स्मारकापाशी पाच मिनिटं थांबा. १५ ऑगस्ट १९५५ रोजी या सीमेवर नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. आज आपण तिथून गाणी लावून साठच्या वेगाने जातो.

पेट्रोल सीमेच्या अलीकडे भरू नका. गोव्यात ते महाराष्ट्रापेक्षा स्वस्त पडतं. घाट उतरेपर्यंत पुरेल एवढं ठेवा आणि टाकी इथे भरा.

४. गावांच्या नावांचा घोळ

पाट्यांवरची रोमन नावं पोर्तुगीज वळणाची आहेत आणि नेव्हिगेशन त्याच नावांनी बोलतं. 'बिचोलिम' म्हणजे डिचोली, 'सांक्वेलिम' म्हणजे सांखळी, 'क्वेपेम' म्हणजे केपे, 'कानाकोना' म्हणजे काणकोण, 'कोर्तालिम' म्हणजे कुठ्ठाळी, 'पेर्नेम' म्हणजे पेडणे, 'मारगाव' म्हणजे मडगाव. रस्त्यावर माणसाला विचारताना मराठी-कोंकणी नावच घ्या, पटकन कळतं.

त्याहून वाईट म्हणजे एकाच नावाची गावं. केरी तीन आहेत: एक पेडण्यात समुद्रकाठी, एक सत्तरीत चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, एक फोंडा तालुक्यात. फेरीबोट फक्त पेडण्याच्या केरीला. माझा मेहुणा "केरी फेरी" असं न टाकता नुसतं "केरी" टाकून निघाला आणि दीड तासाने त्याचा फोन आला, "भावजी, इथे तर डोंगर आहे, समुद्र कुठंय?" तसंच फोंडा. गोव्यातला फोंडा वेगळा आणि सिंधुदुर्गातला फोंडाघाट वेगळा. नेव्हिगेशनमध्ये गावाबरोबर तालुका टाकायची सवय लावा.

५. धक्क्यावर कसं वागायचं

आता मुख्य गोष्ट. बोटी नदी परिवहन खात्याच्या. सपाट तळाच्या, लोखंडी, पुढे साखळ्यांवर खाली येणारी फळी. फळी धक्क्यावर आदळते तो खणखणाट एकदा ऐकलात की विसरणार नाही. ती पडायच्या आत स्कूटरी सुरू झालेल्या असतात. मासळीची पाटी घेतलेली बाई, शाळेची मुलं, सायकलवर पावाची पाटी आणि भोंगा वाजवणारा पोदेर. सगळे अर्ध्या मिनिटात बाहेर आणि तेवढ्याच वेगाने नवे आत.

त्यात तुमची गाडी. क्रम असा ठेवा:

रांगेत शिस्तीत थांबा. मोकळी जागा दिसली म्हणून पुढे घुसू नका, ती उतरणाऱ्या गाड्यांसाठी सोडलेली असते. बोट लागली की ड्रायव्हर सोडून सगळ्यांना गाडीतून उतरवा आणि पायी चढू द्या. गाडी हलकी होते, आणि बोटीत दार उघडायला जागा नसते. काचा खाली ठेवा, गाणी बंद करा, म्हणजे खलाशाचं ऐकू येईल. पहिला गिअर. फळीवर क्लच सोडून रेस देऊ नका, लोखंडावर शेवाळ असतं. आत शिरल्यावर तो सांगेल तितकंच पुढे. मग इंजिन बंद, हँडब्रेक, गिअरमध्ये.

तीन शब्द पाठ करा: 'मुखार' म्हणजे पुढे, 'फाटीं' म्हणजे मागे, आणि 'राव' म्हणजे काय ते मी वर सांगितलंच आहे.

काही बोटींत चढायची आणि उतरायची बाजू एकच असते, तिथे रिव्हर्स घ्यावा लागतो. ज्याला उताराच्या फळीवर रिव्हर्सची धास्ती वाटते त्याने आदल्या दिवशी एखाद्या मोकळ्या चढावर सराव करावा. गंमत म्हणून सांगत नाहीये. मागे वीस स्कूटरी हॉर्न वाजवत असताना शिकायची ही गोष्ट नाही. रायबंदर-चोडण मार्गावर जुलै २०२५ पासून रो-रो बोटी आल्या आहेत, म्हणजे गाडी एका टोकाने चढते आणि दुसऱ्या टोकाने उतरते, तिथे हा त्रास कमी. पहिली फेरी तिथूनच करा.

सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळी चारचाकी घेऊन जाऊ नका. बेटावरच्या लोकांची ही एसटी आहे. त्यांचं ऑफिस, कॉलेज, दवाखाना सगळं या बोटीवर. आपण सुट्टीवर असतो, अर्ध्या तासाने आपलं काही बिघडत नाही.

आणि शेवटची बोट कितीला, हे प्रत्येक धक्क्यावर पोहोचताक्षणी विचारा. मार्गाप्रमाणे वेळ वेगळी असते, बोट दुरुस्तीला गेली की फेऱ्या कमी होतात, आणि कुठे चारचाकी घेतात कुठे नाही हेही बदलतं. मोबाइलवरच्या वेळेपेक्षा धक्क्यासमोरच्या चहाच्या गाड्यावरची वेळ खरी.

६. ओहोटीचा हिशेब

हे मला सासूबाईंनी शिकवलं. त्या वेंगुर्ल्याच्या. आम्ही केरीहून सकाळी तेरेखोलला गेलो, किल्ला बघितला, बाराच्या सुमाराला धक्क्यावर परत आलो तर बोट पलीकडे उभी. मध्ये वाळूचा दांडा वर आलेला. "पाणी भरल्याबिगर सुटूची नाय," असं कुणीतरी सांगितलं. मी खात्याच्या नावाने बोटं मोडायला लागलो, तर सासूबाई गाडीतूनच म्हणाल्या, "आज अष्टमी ती. बारा वाजता पाणी खंय असतला?"

हिशेब असा: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, बाराला ओहोटी. चतुर्थीला तीनला भरती, नऊला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास भरती, आणि त्या दिवसांत पाणी चढतंही जास्त, उतरतंही जास्त. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जमतो. मिनिटावर भरवसा ठेवू नका, पण बेत आखायला पुरतो.

ओहोटीला दुसरा त्रास फळीचा. पाणी खाली गेलं की उतार वाढतो आणि बसकी गाडी पुढच्या बंपरने घासते. माझा बंपर असाच गेला. पलीकडे पोहोचल्यावर त्याचा तुकडा खलाशाने हातात आणून दिला, वर म्हणाला, "बाब, तुजें हें."

७. नदीनदीने चार दिवस

*पहिला दिवस, तेरेखोल.* पत्रादेवीहून पेडणे, हरमलच्या बाजूने केरी. बोटीने पलीकडे तेरेखोल. हा तुकडा गोव्याचा, पण जमिनीने जोडलेला महाराष्ट्राला. किल्ला सावंतवाडीच्या भोसल्यांचा, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. १९५४ मध्ये सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा लावला होता. बोट अडकली तर घाबरू नका: रेडी, शिरोडा, आरोंदा करत किरणपाणीच्या पुलावरून परत पेडण्यात येता येतं. वळसा मोठा, पण वाटेत रेडीचा गणपती होतो.

*दुसरा दिवस, शापोरा आणि मांडवी.* तुये ते कामुर्ली बोट, मग म्हापसा. शुक्रवार असेल तर बाजार चुकवू नका, पण गाडी बाजाराच्या बाहेर लांब लावा. तिथून पोंबुर्फा आणि बोटीने चोडण. चोडणचे रस्ते खाजनांच्या बांधांवरून जातात: एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भात, मध्ये एका गाडीपुरता डांबर. समोरून बस आली तर तुम्हीच मागे जायचं, हा अलिखित नियम. मधूनमधून 'मानस' दिसतील. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधलेले लाकडी दरवाजे. पाण्याच्या दाबानेच उघडतात, मिटतात. गाडी बाजूला घेऊन ओहोटीच्या वेळी एखादं मानस दहा मिनिटं बघा, किनाऱ्यावरच्या दोन तासांपेक्षा जास्त गोवा कळेल.

चोडणच्याच रायबंदरकडच्या धक्क्यालगत सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १.७८ चौरस किलोमीटरचं खारफुटीचं रान. सकाळी लवकर गेलात तर पक्षी, उशिरा गेलात तर डास. मग बोटीने रायबंदर आणि मिठागरांमधून पणजीकडे जाणारा तो सरळसोट बांध. पोंत दि लिन्हारेस, १६३३-३४ मधला. एवढी ट्रॅफिक आजही त्याच्यावरून जाते. पणजीत शिरल्यावर पहिलं मिळेल ते पे-पार्किंग घ्या आणि पायी फिरा. जुन्या वस्तीतल्या एकेरी गल्ल्यांत गाडी घालणं म्हणजे स्वतःहून भांडण ओढवून घेणं.

*तिसरा दिवस, दिवाडी आणि नार्वे.* माझा सगळ्यात आवडता. जुन्या गोव्यात बॉम जेझूस बॅसिलिका बघून व्हाइसरॉयच्या कमानीखालून नदीकडे या. पोर्तुगालहून आलेला नवा व्हाइसरॉय या कमानीतून शहरात शिरायचा, आपण तिच्यातून बाहेर पडून दिवाडीच्या बोटीत चढायचं. दिवाडीवर कदंब राजांचं सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ होतं, ते पोर्तुगीजांनी पाडलं. देव नदीपलीकडे नार्व्याला गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली. दिवाडीहून नार्व्याची बोट आहे, म्हणजे देव ज्या पाण्यावरून गेला त्याच पाण्यावरून तुम्ही गाडी घेऊन जाता. देऊळ बुटकं, घुमटाचं, समोर दीपमाळ. दुपारी तिथे पानांच्या आवाजाशिवाय काही नसतं.

एक काळजी घ्या. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर बोंदेराचा उत्सव असतो आणि ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, म्हणजे चर्चची जत्रा. या दिवशी चारचाकी घेऊन तिकडे फिरकू नका.

*चौथा दिवस, जुवारी.* नवा जुवारी पूल भव्य आहे, सगळे त्याच्यावर फोटो काढायला थांबतात आणि दंड भरतात. तुम्ही कुठ्ठाळीला खाली उतरून मडकईची बोट घ्या. कुठ्ठाळी म्हणजे जुनं कुशस्थळी, मंगेशाचं मूळ ठिकाण. १५६० मध्ये बाटवाबाटवीच्या धास्तीने भक्तांनी देव उचलून नदी ओलांडली आणि प्रियोळला नेला. शेजारच्या केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. फोंड्याची देवळं सगळेच बघतात, पण पुलावरून आणि बोटीवरून येण्यात फरक आहे. बोटीत उभं राहून जुवारीची रुंदी बघितली की रात्रीच्या काळोखात देव घेऊन निघालेल्यांची छाती केवढी असेल ते कळतं. देवळात उघड्या खांद्यांनी, अर्ध्या चड्डीत सोडत नाहीत. गाडीत एक पंचा आणि ओढणी ठेवा.

दक्षिणेला आणखी दिवस असेल तर बेतूल, काब द रामचा किल्ला आणि काणकोण. तिथलं फिरणं गाडीचंच, रस्ता सुंदर, सांगण्यासारखं फार नाही.

८. हे करू नका

गाडी किनाऱ्यावरच्या वाळूत घालू नका. दर हंगामात कुणाची तरी मोरजी-हणजुणेच्या वाळूत रुतते, भरती येते, ट्रॅक्टरवाला मागेल ते पैसे घेतो आणि वर पोलीस गुन्हा नोंदवतात. पणजीत मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकी नेऊ नका, बंदी आहे. नेव्हिगेशनमध्ये फेरी टाळण्याचा पर्याय चालू आहे का बघा. तो चालू असेल तर दिवाडी शोधताना मोबाइल गोंधळतो. बंद असेल तर उलट धोका: रात्री अकराला तो तुम्हाला थेट अंधाऱ्या धक्क्यावर आणून "सरळ जा" म्हणतो. समोर पाणी असतं.

जून ते ऑगस्ट पाऊस जोराचा असला की बोटी मध्येच थांबवतात. त्या दिवसांत रोज एकच नदी धरा आणि पुलाचा रस्ता आधी बघून ठेवा.

९. परतताना

बांद्याजवळ इन्सुलीला महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्क खात्याचा नाका आहे. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेता येत नाही. "दोनच बाटल्या आहेत" हे तिथल्या माणसाने माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकलंय. त्यापेक्षा डिकीत काजू, कोकम आणि म्हापशाच्या बाजारातली लाल मिरची भरा. टाकी पत्रादेवीच्या अलीकडच्या शेवटच्या पंपावर पुन्हा फुल करा. आणि घरी पोहोचल्यावर गाडी खालून पाण्याने नीट धुवा, खास करून चाकांच्या आतली बाजू आणि सायलेन्सर. खाऱ्या पाण्याचा थर चार दिवसांत दिसत नाही, सहा महिन्यांनी गॅरेजवाला दाखवतो.